दोरा बांधलेली वांगी

माझी मुलगी वांग्यांची डॉक्टर आहे. चिपळुणात मी असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग "म्हणजे नक्की काय करते हो?" असं विचारतात. केतकी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत वनस्पतींच्या जनुकांवर काम करते. झाडाच्या पेशीत त्याच्या वाडवडिलांकडून काय काय आलंय, ते ती वाचते. दोन वर्षं ती खानदेशातल्या भरिताच्या वांग्याच्या मागे लागली आहे. यंदा डिसेंबरात ती जळगाव-धुळ्याकडे निघाली तेव्हा मी म्हटलं, "मी पण येते. सहासष्ट वर्षांची झाले, नाशिकच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. आणि तू नक्की काय दिवे लावतेस ते एकदा बघू तरी दे."

"आई, मी फिरायला जात नाहीये," ती म्हणाली.

"मग मी फिरेन, तू काम कर."

अशी मी निघाले. रेल्वेतल्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, वरच्या बर्थवरचा माणूस घोरत होता, एवढंच.

पहूर

जळगावात उतरलो तेव्हा थंडीने दात वाजत होते. आमच्या कोकणात थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर ओढायची, दहा वाजता पंखा लावायचा. इथली थंडी चांगली हाडापर्यंत जाते. स्टेशनाबाहेर चहाबरोबर गरम पोहे खाल्ले. पोह्यांवर खोबरं नव्हतं, शेव होती. मी नाक मुरडलं आणि दुसरी प्लेट मागवली.

पहूरपर्यंत गाडीने गेलो. दोन्हीकडे सपाट काळी जमीन, कपाशी वेचून झालेली, नुसत्या काड्या उभ्या. डोंगर नाही, झाडी नाही, आभाळ मात्र हे एवढं मोठं! आमच्याकडे आभाळ माडांच्या फटीतून बघावं लागतं. गाडीत केतकीने मला तिचं काम समजावून सांगितलं, आणि मला ते समजलं, हे मी मुद्दाम नोंदवते.

गोष्ट अशी. इथल्या वांग्यांना 'मर' लागते. हिरवंगार झाड चार दिवसांत मान टाकतं आणि वाळून जातं. दोन वर्षांपूर्वी वत्सलाअक्का आणि नाना या जोडप्याच्या शेतातला अख्खा पट्टा असाच झोपला. पण त्यात तीन झाडं उभी राहिली. त्यांच्या बियांपासून दुसऱ्या वर्षी त्याच मातीत परत काही झाडं टिकली. केतकीने त्यांच्या पानांचे टिकलीएवढे तुकडे कापून नेले, प्रयोगशाळेत तपासले. या झाडांत एक तुकडा असा आहे जो शेजारच्या मेलेल्या झाडांत नाही.

"म्हणजे गोधडीसारखं," मी म्हटलं. "सगळ्या तुकड्यांत एक वेगळ्याच लुगड्याचा."

"अगदी तसंच! पण झाड त्या तुकड्यामुळेच जगलं, की दुसऱ्या कशामुळे, हे कुणी सांगावं? म्हणून मी नोव्हेंबरात येऊन मरीला बळी पडणाऱ्या वांग्याचा पराग या झाडांच्या फुलांना लावला. त्याची फळं पिकली की बी मिळेल. त्या बीची झाडं, मग त्यांची पिल्लं. नातवंडांत समजेल. ज्यांच्याकडे तो तुकडा आला ती जगली आणि ज्यांच्याकडे नाही ती मेली, तर पत्ता सापडला. मग तो गुण हव्या त्या वांग्यात आणता येईल."

मी तिच्याकडे बघितलं. "लोकांच्या मुली आईला खरी नातवंडं दाखवतात."

"आई!"

"बरं, बरं. आणि ही फळं हाती नाही लागली तर?"

"तर वर्ष गेलं. आणि प्रकल्पाची मुदत सव्वा वर्षात संपते. उत्तर न मिळताच बंद करावा लागेल. पण लागतील गं. सहा फळं आहेत, लाल दोरा बांधून ठेवलीत. अक्कांना सांगितलंय, यांना कुणी हात लावायचा नाही, ही माझी."

शेतावर पोचलो तर तिथे लग्नघर! अंगणात धूर, वाळलेल्या कपाशीच्या काड्यांची (त्यांना इथे पऱ्हाटी म्हणतात) मोठी आग, आणि तिच्यात वांगी भाजायला टाकलेली. इकडे हिवाळ्यात पाहुणा आला की भरिताची पार्टी होते, आणि ती घरात नाही, शेतात होते. वत्सलाअक्का पुढे आल्या. साठीच्या, उंच, हसऱ्या, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "या व ताई, या! तुमी आल्या, लई बरं वाटलं. पोरगी तं आमचीच हाये, आता माय बी आमची झाली."

एवढं परकं गाव आणि एवढं आपलं बोलणं, ऐकून मला गलबलून आलं.

भरीत करायची त्यांची रीत सांगते, कारण आपल्याकडे जे करतात त्याला भरीत म्हणायची मला आता लाज वाटते. वांगी हिरवी, पांढुरक्या रेघांची, एकेक लहान मुलाच्या डोक्याएवढी. पऱ्हाटीच्या जाळात काळीठिक्कर भाजायची. साल काढून लाकडाच्या खोल भांड्यात, त्याला बडगी म्हणतात, लाकडी मुसळीने दणादण ठेचायची. मग तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. दही नाही, नारळ नाही. सोबत ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी.

पानं मांडली. केळीची पानं, हे आपल्यासारखंच. आणि इतक्यात नाना आले. पांढरी टोपी, मिशी, चेहऱ्यावर लग्नातल्या यजमानाचा तोरा. त्यांनी केतकीपुढे मूठ उघडली. मुठीत लाल दोऱ्यांचे तुकडे.

"घ्या मॅडम, तुमचे दोरे. बघून घ्या. तुमचं एक बी वांगं दुसऱ्या कोनाच्या तोंडी जाऊ देल्लं नाही. सहाच्या सहा तुमच्यासाठीच राखले व्हते, आज काढले."

मला क्षणभर काही उमजलं नाही. मग बडगीकडे बघितलं आणि लक्षात आलं. केतकीच्या तोंडावरचा रंग उडाला होता. दोन वर्षांचं काम समोर कढईत मिरची-लसणाबरोबर परतलं जात होतं!

माझा स्वभाव घरच्यांना ठाऊक आहे. नाकाला मिरच्या झोंबल्या की मी समोर कोण आहे बघत नाही. "अहो, तुम्हांला काही..." एवढं तोंडातून निघालं आणि केतकीने माझा गुडघा दाबला.

"आई, आधी जेव."

आणि तिने घास घेतला. "अक्का, असं भरीत मी आयुष्यात खाल्लं नाही," म्हणाली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी तिच्याकडे बघतच राहिले. लहानपणी पेन्सिल हरवली तर घर डोक्यावर घेणारी ही पोर! मी भरीत खाल्लं, आणि खोटं कशाला बोलू, त्या अवस्थेतही ते अप्रतिम लागलं. याचा मला त्या वेळी फार राग आला.

पानं उचलल्यावर केतकी अक्कांजवळ जाऊन बसली. हळू आवाजात सगळं सांगितलं. ती फळं खायची नव्हती, बियांची होती.

अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. "व माय! काय करून बसली मी! तुह्या लेकरायले आगीत घातलं व पोरी!" त्या रडायलाच लागल्या. नाना भिंतीला टेकून उभे, मिशी पडलेली.

मग उलगडा झाला. या घरात, आणि आजूबाजूच्या दोन-चार घरांतही, शेतातल्या चांगल्या वांग्याला दोरा बांधला म्हणजे ते येणाऱ्या पाहुण्याचं. ते विकायचं नाही, घरच्यांनी खायचं नाही. पाहुणा आला की त्याच्या मानाच्या भरिताला तेच काढायचं. बियाण्याच्या वांग्याला दोरा बांधतच नाहीत, त्याला चुन्याचं बोट लावतात. आता केतकीने स्वतःच्या हाताने दोरा बांधला, वर "ही माझी" म्हणाली. मग ती आल्यावर तिच्याच पानात वाढायची नाहीत तर काय करायचं? त्या माउलीने महिनाभर जावा-नणंदांपासून ती वांगी जपली होती.

"अक्का, रडू नका. चूक माझी आहे," केतकी म्हणाली. "दोन वर्षं तुमच्या शेतात येतेय, आणि दोऱ्याचा अर्थ विचारला नाही. पण आता रडायला वेळ नाही. झाडांवर कळ्या आहेत का?"

नाना चटकन सरळ झाले. "कळ्या हायेत. पन मॅडम, या थंडीत वांग्याचं फूल टिकत नाही. गयून जाते."

गळून जातं, म्हणजे. तेच तर संकट होतं. रात्री एवढा गारठा पडतो की परागात जीव राहत नाही, फूल फळ धरत नाही. केतकीलाही ते माहीत होतं.

"गळतील ती गळतील," ती म्हणाली. "आपण करायचं ते करू."

ऊन उतरलं होतं. त्याच बियांची यंदा टिकलेली तीन झाडं बांधाजवळ होती, बाकीच्या वाळलेल्या रांगेत हिरवीगार. केतकी गुडघ्यांवर बसली. उद्या उमलेल अशी कळी शोधायची, चिमट्याने जांभळ्या पाकळ्या हळूच उघडायच्या, आतले पिवळे पुंकेसर एकेक करून काढून टाकायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. म्हणजे ते फूल स्वतःच्या परागाने फळणार नाही, आपण देऊ त्याच परागाची वाट बघेल. मग वर कागदाची पिशवी. तिचे हात बघून मला माझ्या आईचे मोगऱ्याची वेणी गुंफणारे हात आठवले. आठ कळ्या झाल्या तोवर तिची पाठ आखडली होती.

नाना म्हणाले, "केयीले थंडी लागू नये म्हनून आमी बांधावर धूर करतो. आज या तीन झाडाईले करतो." आणि खरोखर, तीन वांग्यांसाठी त्या माणसाने केळीच्या बागेला करावा तसा चहूबाजूंनी धूर पेटवला. शेजारचा एकजण विचारायला आला, "नाना, हे काय नवीन?" नाना म्हणाले, "पावन्यायचा मान राह्यला हाये, तो करतो."

पहूर, दुसरी सकाळ

सकाळी ऊन जरा तापल्यावर केतकीने शेजारच्या शेतातल्या वांग्याची फुलं आणली. ती जात भरघोस पीक देते, पण मर लागली की पहिली आडवी होते. फूल बोटाने टिचकावून काचेच्या छोट्या वाटीत पराग झाडला. पिवळी पूड, चिमूटभर म्हणावी तर तेवढीही नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून मी आणि अक्का पदर धरून दोन्हीकडे उभ्या. आमच्या दोघींच्या मध्ये माझी लेक जमिनीवर आडवी पडून फुलाला पराग लावते आहे! साडी काटेरी झाडात अडकून माझी फाटली, ते चिपळूणला आल्यावर लक्षात आलं.

अक्कांनी विचारलं, "माय, हे तू कुठी शिकली?"

"कॉलेजात. पण पहिल्या वर्षी शंभरात दोन फुलं धरायची."

"आन आता?"

"आता बरी येतात. उन्हाळ्यात. थंडीत मी कधी केलं नाही."

या वेळी दोरा नाही बांधला. अक्कांनी स्वतःच्या बोटाने प्रत्येक देठाला चुना लावला. "आता देव आला तरी हात लावनार नाही," म्हणाल्या.

केतकीने मला समजावलं की परागसिंचन यशस्वी झालं नसेल तर फूल तीन-चार दिवसांत देठापासून गळतं. झालं असेल तर देठ जाड होतो, खालचा हिरवा गोळा फुगायला लागतो. तोवर बघत बसायचं. आणि आम्हांला तर पुढे जायचं होतं.

सावदा आणि मुक्ताईनगर

सावद्याला केळीच केळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, ट्रकात, हातगाडीवर, बैलाच्या पुढ्यातसुद्धा. आमच्याकडे परसात दोन केळी असल्या की आम्ही त्यांना नावं देतो. इथे क्षितिजापर्यंत एकाच उंचीची, एकाच रूपाची बाग. केतकी म्हणाली, "आई, ही एकाच रूपाची दिसतात कारण ती एकच आहेत. या केळीला बी नाही. एका रोपाच्या पेशींपासून बाटलीत लाखो रोपं वाढवतात. म्हणून एकाला रोग लागला की सगळ्यांना लागतो." सध्या इथल्या बागांवर असाच एक रोग आहे, शेतकऱ्यांना त्याचं नाव विचारलं. हरण्या म्हणतात, पानांवर हरणाच्या कातड्यासारखे पट्टे येतात म्हणून. केतकी तिच्या सहकाऱ्यासाठी पानांच्या टिकल्या कापत होती, आणि बागेचा मालक तिच्यामागून "हे बी घ्या, ते बी घ्या" करत फिरत होता. निघताना त्याने केळीचा एक अख्खा घड गाडीत टाकला. नको म्हटलं तर रागावला. तो घड धुळ्यापर्यंत माझ्या मांडीवर होता, आणि पिकत होता.

मुक्ताईनगरला मुक्ताईच्या देवळात गेलो. केतकी बाहेर फोनवर नानांशी बोलत होती. फुलं अजून आहेत, पण एक गळलं. मी आत हात जोडले. खरं सांगते, मुलगी उजवावी म्हणून मी आजवर किती देवळांत साकडं घातलंय त्याला गणती नाही. त्या दिवशी मुक्ताईपुढे डोळे मिटले आणि तोंडातून आलं, "माय, तेवढी वांग्याची फुलं धरू देत." शेजारच्या बाईने चमकून माझ्याकडे बघितलं.

धुळे

धुळ्याला जाताना बोलीच बदलली. पहूरला 'मले-तुले' होतं, इथे 'आहे'चं 'शे' आणि 'सगळं'चं 'बठ्ठं' सुरू झालं. हॉटेलात शेवभाजी मागवली. लाल तर्री बघून वेटरला विचारलं, "तिखट आहे का?" तो म्हणाला, "नही आजी, साधी शे." साधी! दोन घासांत नाका-डोळ्यांतून पाणी. सावद्याची चार केळी खाल्ली तेव्हा जिवात जीव आला. माझी ही दशा आणि केतकी हसून हसून लोळतेय. पहूरनंतर ती पहिल्यांदा हसली, म्हणून मी आणखी एक घास घेतला.

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांचा मेळावा होता. एका मंगल कार्यालयात. मांडव भरलेला, टोप्या, फेटे, मागे बायका, पुढे सतरंजीवर पोरंसोरं. स्टेजवर सगळे पुरुष आणि एका टोकाला माझी केतकी. तिची बोलायची पाळी दुपारी आली. तिने फोन माझ्याकडे दिला. "नाना फोन करतील, तू बघ."

ती बोलायला उभी राहिली. जनुक, पेशी, डीएनए, हे सगळं तिने गोधडीचं उदाहरण देऊन सांगितलं. माझी गोधडी! मांडवातल्या बायका माना डोलवायला लागल्या. मग तिसऱ्या रांगेतले एक आबा उठले. "ताई, मन्हा वावरमा मर शे. तुम्हनं ते बी आम्हले कव्हय भेटी?"

ते बी आम्हांला कधी मिळणार, हेच सगळ्यांना विचारायचं होतं. तिला सहज म्हणता आलं असतं की संशोधन सुरू आहे, लवकरच. असं म्हणणारे दोघे तिच्या आधी बोलून बसलेही होते.

"आबा, बी होणार होतं," केतकी म्हणाली. "ते मी खाल्लं."

हशा पिकला. तिने सगळी हकीकत सांगितली. दोरा, भरीत, चुना, धूर. यजमानांचं नाव घेतलं नाही, चूक स्वतःवर घेतली. "ज्यांच्या शेतात काम करायचं, त्यांची रीत आधी शिकायची असते, हे मला माझ्या पुस्तकांनी सांगितलं नव्हतं. आता पुन्हा फुलं बांधलीत. थंडी आहे. ती धरली तर पुढच्या हिवाळ्यानंतर मी तुम्हांला खरं उत्तर देईन. नाही धरली तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तेही मी इथे येऊनच सांगेन."

आबा खाली बसले नाहीत. हात जोडून उभे राहिले. मला काय वाटलं ते लिहायला शब्द शोधत नाही. माझा ऊर अभिमानाने भरून आला, एवढंच खरं.

आणि तेवढ्यात माझ्या मांडीवर फोन थरथरला. व्हिडिओ कॉल. आधी नुसतं आभाळ दिसलं, मग नानांची मिशी, मग अक्कांचं बोट, चुन्याचं. बोटापुढे एक देठ, चांगला जाड, आणि त्याच्या टोकाला वाळलेल्या फुलातून डोकावणारा हिरवा मणी.

"ताई!" अक्का ओरडत होत्या. "धरलं व ताई! तीन गयले, पन पाच धरले! पोरीले सांगा, पाच धरले!"

मी उभी राहिले. कुठे आहे, किती माणसं आहेत, काही भान राहिलं नाही. "केतकी, धरलं गं! पाच धरली!" भर मांडवात असं ओरडले की माइकवालासुद्धा दचकला.

केतकीने स्टेजवरूनच माझ्याकडे बघितलं. जी मुलगी भरीत खाताना रडली नाही, अक्का रडल्या तेव्हा रडली नाही, ती तोंडावर दोन्ही हात धरून सगळ्यांसमोर रडायला लागली. आबांनी टाळी वाजवली, मग मागच्या बायकांनी, मग अख्ख्या मांडवाने. फोनमधून अक्का विचारत होत्या, "काय झालं व? कशाचा आवाज येते?" आणि मी फोन उंच धरून तो मांडव त्यांना दाखवत होते.

टाळ्या थांबेनात तेव्हा सूत्रसंचालन करणारे गृहस्थ खाली उतरले. माइक माझ्यापुढे धरून म्हणाले, "आजी, तुम्ही कोण? कुठल्या गावच्या?"

चिपळूण सांगायचं राहूनच गेलं. मी म्हटलं, "मी हिची आई."